दसऱ्याच्या सकाळचा रिपोर्ट

बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी लॅब बंद करून आता दोन वर्षं झाली. 28 वर्षं रोज सकाळी सात वाजता तिथलं शटर वर करत होते, ती सवय सुटली. रिपोर्ट मात्र सुटले नाहीत. कुणी भाजी घेताना पिशवीतून कागद काढतं, कुणी मासिकाच्या पत्त्यावर झेरॉक्स पाठवतं. दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत हृदयाच्या रक्ततपासण्यांबद्दलचे प्रश्न इतके आहेत, आणि तेही विशी-तिशीतल्या मुलींचे, की या वेळी बाकीची पत्रं मागे ठेवली आहेत. नेहमीप्रमाणे कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे, गोत्रीला राहते, आयटीत नोकरी करते. नवरात्रात नऊही रात्री गरबा खेळले, रोज चार तास तरी. दसऱ्याला सकाळी सात वाजता कंपनीच्या हेल्थ पॅकेजसाठी घरी येऊन रक्त नेलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय 19, मर्यादा 16, आणि पुढे जाड अक्षरात 'एच'. मला काहीही त्रास नव्हता. बाबा लगेच घेऊन गेले. रात्री नऊला ट्रोपोनिन 11 आलं, ईसीजी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी टूडी एको नॉर्मल. सहा दिवसांनी पुन्हा तपासलं तर 4. डॉक्टर म्हणाले, घरी जा. पण बाबांना झोप लागत नाही, ते म्हणतात अँजिओग्राफी करूनच टाकू. आई म्हणते, पुढच्या वर्षीपासून गरबा बंद. माझ्या हृदयाला इजा झाली आहे का?

उत्तर : तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. आधी तुझ्या बाबांसाठी एक वाक्य: अँजिओग्राफीची गरज नाही. का नाही, ते आता नीट सांगते.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा दोरा धरून ठेवणारा आणि सोडणारा जो बारीक खटका असतो, त्याचा ते भाग आहे. त्याचे तीन तुकडे असतात, त्यातले 'आय' आणि 'टी' हे दोन आपण रक्तात मोजतो. हृदयाच्या पेशी मेल्या की ते भरपूर सांडतं, म्हणून हार्ट अटॅक ओळखायला त्याचा उपयोग. मी लॅब सुरू केली त्या काळात ही तपासणी इतकी जाडीभरडी होती की निरोगी माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन दिसायचंच नाही. दिसलं म्हणजे हृदयाला मार बसला, इतकं सरळ होतं. हाय सेन्सिटिव्हिटी पद्धती आल्या आणि निरोगी माणसांतही ते सापडायला लागलं. या पद्धतीला ते नाव लावायचं तर निदान निम्म्या निरोगी लोकांत तिला ट्रोपोनिन मोजता आलं पाहिजे, अशी अटच आहे. म्हणजे तुझं 4 आलं, तेही शून्य नाही. कुणाचंच शून्य नसतं.

ही मोजणी किती बारीक आहे, बघ. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि शंभर मीटर खोल असा एक तलाव डोळ्यांसमोर आण. त्यात एक ग्रॅम मीठ टाकून ढवळलं, तर त्या पाण्यात मिठाचं प्रमाण होईल लिटरला एक नॅनोग्रॅम. तुझ्या रिपोर्टवरचं एकक तेच आहे. असल्या तलावात 4 ग्रॅम आहे की 19 ग्रॅम, हे मशीन सांगतं. इतक्या खाली उतरून बघायला लागलं की आदल्या रात्रीचं सगळं दिसतं. बारा वाजेपर्यंत चाललेला गरबासुद्धा.

मॅरेथॉन धावणाऱ्यांवर हे पुष्कळ वेळा तपासून झालं आहे. लांबलचक मेहनतीनंतर तीन ते सहा तासांत ट्रोपोनिन वर जातं आणि एक ते तीन दिवसांत खाली येतं. तुझी शेवटची फेरी संपली रात्री बाराला, रक्त नेलं सकाळी सातला. तेव्हा 19, रात्री नऊला 11, सहा दिवसांनी 4. हा उतार मला ओळखीचा वाटतो. छातीत दुखणं नाही, दम नाही, ईसीजी आणि एको चांगले. हृदयाने नऊ रात्री काम केलं, त्याचा हा मागमूस आहे. त्यामागे काही आजार लपलेला असावा असं या कागदांतलं काहीही मला सुचवत नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. नेदरलँड्समध्ये दरवर्षी चार दिवसांची मोठी पायी यात्रा असते. तिथल्या 725 चालणाऱ्यांचं रक्त 30 ते 55 किलोमीटर चालून आल्यावर तपासलं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. चालल्यावर ज्यांचं ट्रोपोनिन मर्यादेच्या वर गेलं होतं, त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यू आणि हृदयाचे झटके जास्त निघाले. त्यामुळे 'व्यायामाने वाढलं, सोडून द्या' असं मी साठीच्या माणसाला सरसकट म्हणणार नाही. त्या अभ्यासातली माणसं साधारण साठीची होती. तू 26 ची आहेस, आणि तुझा आकडा 4 वर येऊन थांबला आहे. तो खाली आलाच नसता, आठवड्यांमागून आठवडे 18-20 वर बसून राहिला असता, तर मी वेगळं लिहिलं असतं. तेव्हा रक्तदाब, मूत्रपिंडं आणि हृदयाच्या स्नायूची जाडी यांची चौकशी करावी लागते. नुकताच ताप येऊन गेला असेल आणि छातीत दुखत असेल, तर हृदयाच्या स्नायूला सूज आहे का तेही बघतात.

आता त्या 16 बद्दल. ही मर्यादा कशी ठरते? निरोगी बायकांचं रक्त घेतात, आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणी ज्याच्या खाली येतात तो आकडा घेतात. म्हणजे शंभरातली एक निरोगी बाई त्याच्या वर असणार, हे मर्यादा ठरवतानाच मान्य केलेलं आहे. एकट्या बडोद्यातल्या तुझ्या वयाच्या सगळ्या मुलींना ही तपासणी करायला लावली, तर किती घरांतली झोप उडेल याचा विचार कर. शिवाय तुझ्या पॅकेजमध्ये एकूण किती तपासण्या होत्या ते मोज. साधारण तपासण्यांची मर्यादा अशी आखलेली असते की शंभरात पाच निरोगी माणसं बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी 'एच' किंवा 'एल' येण्याची शक्यता 64 टक्के निघते. हे गणित माझ्या लॅबच्या भिंतीवर लावायचं माझ्या मनात होतं. राहूनच गेलं.

आणखी एक, आतल्या माणसाला माहीत असलेली गोष्ट. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं की ते नीट गोठायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. घाई केली तर वरच्या पिवळसर पाण्यात फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, एक केसासारखा तंतू राहतो. उजेडात नळी तिरकी धरली तरच तो दिसतो. हा तंतू मशीनच्या सुईत गेला तर ट्रोपोनिन खोटंच वर दाखवतं. तुझ्या बाबतीत असं झालं असं मी म्हणत नाही, तुझे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. पण कुठलाही त्रास नसलेल्या माणसाचं ट्रोपोनिन वर आलं, तर मी तीच नळी पुन्हा फिरवून पुन्हा लावल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नव्हते. घरी भीती घेऊन जाणारा कागद असतो तो.

मग ही तपासणी करूच नये का? करावी, त्रास होत असेल तेव्हा. तिथे मात्र ती सोन्यासारखी आहे आणि तिथेच आपण बायकांच्या बाबतीत चुकत आलो. हे मी घरच्या अनुभवावरून सांगते.

2016 च्या मार्चमध्ये माझ्या धाकट्या जावेला पहाटे चारला जबड्यात आणि पाठीत दुखायला लागलं. वय 47. दरदरून घाम, मळमळ. दिरांनी जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. ईसीजीत ठळक काही नाही. ट्रोपोनिन आय 24. रिपोर्टवर मर्यादा छापलेली होती 26, स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच. 24 म्हणजे 26 च्या आत, म्हणजे नॉर्मल. दोन तासांनी दुसरा नमुना घ्यायचा असतो, तो घेतला नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन सहा वाजता घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती खाली बसली ती उठलीच नाही. मोठा अटॅक होता. वाचली, पण हृदयाची ताकद 35 टक्क्यांवर आली. पावागडच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढून जायची. आता रोपवेने जाते, आणि वर पोहोचल्यावरच्या थोड्या पायऱ्यांतही दोनदा थांबते.

तो पहिला रिपोर्ट मी तिसऱ्या दिवशी पाहिला. त्याच पद्धतीत बायकांची वेगळी मर्यादा 16 आहे आणि पुरुषांची 34. बायकांचं हृदय लहान असतं, स्नायूचं वजन कमी, त्यामुळे निरोगी असताना त्यांचं ट्रोपोनिनही कमी असतं. एकच फूटपट्टी लावली की बाईचा अटॅक 'नॉर्मल' होऊन घरी जातो. एडिंबरोच्या डॉक्टरांनी 2015 साली हेच दाखवलं होतं. बायकांसाठी वेगळी मर्यादा लावल्यावर हार्ट अटॅकचं निदान झालेल्या बायकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. माझ्या जावेचा नमुना माझ्या टेबलावर आला असता तर मी फोन उचलला असता. तो आला नाही. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी पहाटे जाग आली की मला तो 24 आठवतो.

म्हणून तुझ्या आईला सांग, गरबा बंद करायचं कारण नाही. 2023 च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुण माणसं कोसळल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांची धास्ती तिच्या मनात असणार, ते मी समजू शकते. पण त्या भीतीवर ट्रोपोनिन हा इलाज नाही. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का, तुला नाचताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे का, हे तिने विचारावं. त्यातलं काही 'हो' असेल तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, एको-ईसीजीचे कागद घेऊन. नसेल तर पुढच्या नवरात्रात खेळ. नऊ दिवसांच्या आधी महिनाभर रोज कमाटीबागेत भरभर चाल, म्हणजे हृदयाला पहिल्याच रात्री चार तासांचा भार पडणार नाही. पाणी पी. आणि गरब्याच्या दुसऱ्या दिवशी पॅकेजवाल्यांना रक्त देऊ नकोस.

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची आहे. पाळी अनियमित म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी वर्षभर हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या आहेत. कंपनीच्या तपासणीत तिचं एच-एस-सीआरपी 7.4 आलं आणि रिपोर्टवर 'हृदयविकाराचा जास्त धोका' असं छापलं आहे. वजन थोडं जास्त आहे. तिच्यासाठी स्थळं बघतो आहोत. हे पुढे कुणाला कळलं तर? गोळ्या बंद कराव्या का? (एक आई, रावपुरा)

उत्तर : बाई, पहिल्यांदा तो कागद पेटीत ठेवा. मुलीच्या रक्ताचा एक आकडा स्थळाच्या चर्चेत येण्याचं काहीच कारण नाही.

सीआरपी यकृतात तयार होतं. 1930 साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं आणि पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर त्याच्याकडे अंगात कुठेतरी जंतू किंवा सूज असल्याची खूण म्हणून बघत. अजूनही मूळ अर्थ तोच. 'एच-एस' म्हणजे तेच सीआरपी बारीक मोजलेलं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या मंद सुजेचा अंदाज येतो म्हणून हृदयाच्या धोक्यासाठी ते वापरायला लागले. 1 च्या खाली कमी धोका, 1 ते 3 मधला, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेलं तर हृदयाचा विचार सोडून आधी ताप-सर्दी-जखम शोधायची असते.

पण हे सगळं, बाकी काही नसताना. तुमच्या मुलीच्या बाबतीत 'बाकी' बरंच आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या पोटातून थेट यकृतात जातात आणि यकृत जास्त सीआरपी बनवायला लागतं. रक्तवाहिन्यांत काही न बिघडताही हा आकडा वाढतो. वजन जास्त असेल तर चरबीमुळे आणखी थोडा वाढतो. हिरड्या सुजल्या असतील, अक्कलदाढ येत असेल, त्या आठवड्यात घसा धरला असेल, तरी वाढतो. माझ्याकडे एका मुलीचं 8 आलं होतं, दोन दिवस घालवून कळलं की आदल्या आठवड्यात तिने नाक टोचून घेतलं होतं आणि ते पिकलं होतं. म्हणून नियम असा की मुलगी ठणठणीत असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा आणि मग बोला. रिपोर्टवर छापलेलं 'धोका' हे वाक्य कॉम्प्युटर आपोआप टाकतो. त्याला गोळ्यांचं माहीत नसतं.

गोळ्या मनाने बंद करू नका. त्या देणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांगा: तिचा रक्तदाब किती, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का, आणि घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. या गोळ्यांच्या बाबतीत सीआरपीपेक्षा या तीन उत्तरांना जास्त वजन आहे. सिगारेटचंही तिला एकटीला विचारा, रागावू नका.

आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून सीआरपी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं नाही. अमेरिकेत 27,939 निरोगी बायकांचं रक्त एकदा घेऊन तीस वर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला, 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकदाच मोजलेलं एच-एस-सीआरपी, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, आणि लायपोप्रोटीन ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, या तिन्हींनी पुढच्या तीस वर्षांतला धोका दाखवला, आणि तिघांत सीआरपी सगळ्यात पुढे होतं. पण त्या बायकांचं सरासरी वय सुरुवातीला 55 च्या आसपास होतं. 24 व्या वर्षी, गोळ्या चालू असताना, वजन वाढलेलं असताना घेतलेल्या एका थेंबावर ते निष्कर्ष चिकटवता येत नाहीत.

पाळी अनियमित असण्यामागे पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित हॉर्मोनचा बिघाड, असेल तर मुलीचं भविष्य ज्यात आहे ते वेगळं. उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, कमरेचा घेर. हे तीन दरवर्षी बघा. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांवर झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आहे. बायकांच्या पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे 94 टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला: तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम, दारू. आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधी येतो, हेही त्यातच दिसलं. या नऊंपैकी सात गोष्टी तुम्हाला शिंप्याची टेप, रक्तदाबाचं मशीन आणि लेकीशी मोकळं बोलणं एवढ्यावर कळतील.

प्रश्न : वय 33. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं, लघवीतून प्रथिन गेलं, 34 व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. आता मी आणि मुलगी दोघी ठीक आहोत. दुसऱ्याचा विचार आहे. त्याआधी हृदयाची कुठली मार्कर टेस्ट करू? ट्रोपोनिन, बीएनपी, की दोन्ही? (मांजलपूर)

उत्तर : एकही नाही. ट्रोपोनिन नको, आणि हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं बीएनपीही नको. तुमचा मार्कर तुमच्या कपाटात आहे, त्या बाळंतपणाच्या फायलीत.

तुम्हाला झालं त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. ज्यांना तो होतो त्यांचा पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो, आणि तुमच्यासारखं मुदतीआधी बाळंतपण करावं लागलं तर आणखी जास्त. गरोदरपण हा हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा नऊ महिन्यांचा स्ट्रेस टेस्टच असतो. तुमची ती परीक्षा झालेली आहे, निकाल फायलीत आहे, आणि तो निकाल नंतर कुणीही विचारत नाही. ना फॅमिली डॉक्टर, ना पॅकेजवाले. माझ्या लॅबच्या फॉर्मवर मीसुद्धा पहिली पंधरा वर्षं तो रकाना ठेवला नव्हता. नंतर ठेवला: 'गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का?' किती बायकांनी तिथे 'हो' लिहिलं आणि किती जणींना तोपर्यंत कुणी काहीच सांगितलं नव्हतं, ते बघून मला वाईट वाटायचं.

काय करायचं ते असं. घरी रक्तदाबाचं मशीन घ्या, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिन तपासा. ती वही आणि जुनी फाइल घेऊन, दिवस राहण्याच्या आधी, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पुन्हा प्री-एक्लॅम्प्सिया होऊ नये म्हणून बाराव्या आठवड्यानंतर आणि सोळाव्याच्या आधी कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, ती त्या ठरवतील. रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणूनही आधी जायचं.

एकच अपवाद. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत आडवं झाल्यावर दम लागायला लागला, दोन उशा घ्याव्या लागल्या, पाय सुजले, तर 'जागरणाने होतं' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. तेव्हा बीएनपी आणि एको त्याच दिवशी करून घ्या. हृदयाचा स्नायू कमजोर पडण्याचा एक आजार याच दिवसांत येतो. वेळेवर कळला तर पुष्कळ जणी बऱ्या होतात.

प्रश्न : वडिलांना 42 व्या वर्षी अटॅक आला. माझं वय 29, लायपोप्रोटीन ए 88 मिलिग्रॅम. एलडीएल 128. हा आकडा कमी करायला काय खाऊ? (कारेलीबाग)

उत्तर : खाण्याने हा आकडा हलत नाही. चालण्याने, उपासाने, लसणानेही नाही. तो आईवडिलांकडून येतो आणि जन्मभर जवळपास तसाच राहतो. म्हणून एकदा मोजला की पुन्हा पुन्हा पैसे घालवायचे नाहीत. 50 च्या वर जास्त समजतात. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये कोलेस्टेरॉलचे जे नियम दिले, त्यात प्रत्येकाने निदान एकदा ही तपासणी करावी असं म्हटलं आहे. या पानावरच्या सगळ्या तपासण्यांत तरुण, निरोगी मुलीने करावी असं मला मनापासून वाटतं ती ही एक. वडिलांना 55 च्या आत अटॅक आला, तुमचा आकडा 88, म्हणजे दोन खुणा जुळल्या.

तो हलत नाही, पण त्याच्या शेजारचे हलतात. 128 एलडीएल दुसऱ्या मुलीला चाललं असतं, तुम्हाला नको. हृदयाच्या डॉक्टरांना भेटून एलडीएल कुठवर खाली आणायचं ते ठरवा. स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, विषय निघेल. त्या वेळी लग्न, मूल यांचा तुमचा विचार स्पष्ट सांगा, कारण दिवस राहायचे असतील तर ती गोळी साधारणपणे थांबवतात. भावाला आणि बहिणीलाही एकदा ही तपासणी करायला सांगा. वडिलांना दोष देऊ नका, त्यांनाही ते कुणाकडून तरी आलेलं आहे.

प्रश्न : केस गळतात म्हणून रोज 10 मिलिग्रॅम बायोटीन घेते. मैत्रीण म्हणते त्याने हृदयाचे रिपोर्ट चुकतात. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. रोजची गरज सुमारे 30 मायक्रोग्रॅमची, म्हणजे तुम्ही तीनशे पटींहून जास्त घेता. ट्रोपोनिन मोजायच्या काही पद्धतींत प्रतिपिंडांना चिकटवून ठेवायला बायोटीनचाच डिंक वापरतात. रक्तात ते जास्त असलं की तो डिंक धरत नाही आणि ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. खोटं कमी हे खोट्या जास्तीपेक्षा घातक, कारण अटॅक असताना घरी पाठवलं जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात असा एक मृत्यूही नोंदलेला आहे. अनेक कंपन्यांनी नंतर पद्धत सुधारली, सगळ्यांनी नाही. साध्या तपासणीआधी दोन-तीन दिवस गोळी थांबवा. थायरॉइडचे आकडेही त्याने फसवे येतात. छातीत दुखतं म्हणून रात्री हॉस्पिटलात जावं लागलं, तर रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही आपणहून सांगा की मी बायोटीन घेते. ते विचारणार नाहीत.